नानांच्या बोटीवरचं मीटर

नगरच्या शाळेत बदली होऊन मला दोन वर्षं झाली. इथल्या स्टाफरूममध्ये कुणाच्या मोबाईलची बॅटरी दहा टक्क्यांवर आली की एकच धावपळ उडते. "चार्जर! अरे, कुणाकडे चार्जर आहे का?" मला हसू येतं. मग कुणीतरी विचारतं, "काय झालं बाई?" आणि मी नानांच्या बोटीवरचा एखादा किस्सा सांगते. एक सांगितला की दुसरा आठवतो. मी काही हे किस्से मुद्दाम जमवले नाहीत. रोज त्याच चार माणसांबरोबर त्याच पाण्यावरून जा-ये केली की ते आपोआप साचतात, पर्सच्या तळाशी एसटीची तिकिटं साचतात तसे. आणि पर्स साफ करायला बसावं, तर एकही टाकवत नाही!

आधी जागा सांगते. नेवासा तालुक्यात धरणाच्या फुगवट्याचा एक मोठा फाटा आत शिरलाय. माझी तेव्हाची शाळा त्याच्या पलीकडच्या काठाला. रस्त्याने वळसा घालून जायचं तर दीड तास, तोही एसटी आली तर. बोटीने अर्धा तास. बोट भिकाजीनानांची. नाना म्हणजे साठी ओलांडलेला, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. बोटीत रोजचे आम्ही तिघं. एक मी, दुसऱ्या पलीकडच्या उपकेंद्रातल्या सिस्टर, आणि तिसरे बांगड्यांची पेटी घेऊन वाड्यावस्त्या फिरणारे हनीफचाचा. बाकी माणसं येत-जात असायची, पण "आमची बोट" म्हणायचा हक्क आमचाच!

* * *

नानांचा एकुलता एक मुलगा सुदाम मस्कतला. तिथल्या बंदरात बोटींच्या वायरिंगचं काम करतो. एकदा रजेवर आला आणि महिनाभर खपून त्याने बोटीचं डिझेल इंजिन काढून टाकलं. त्या जागी विजेवरची मोटर, छतावर सोलरची पॅनेलं, फळीखाली बॅटऱ्या. आणि नानांच्या गुडघ्यासमोर एक गोल, मनगटी घड्याळाएवढा स्क्रीन. त्याला आम्ही मीटर म्हणायचो.

सुदामने सगळ्यांना बसवून शिकवणी घेतली. "हे बटन दाबलं की व्होल्टेज. परत दाबलं की अ‍ॅम्पिअर, म्हंजे आत्ता करंट किती चाललाय. परत दाबलं की टक्के. आन् शेवटी, हाय हीच चाल ठेवली तर बॅटरी किती येळ पुरंल, ते."

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एवढं कशाला रं? बोट जाईल का न्हाई, तेवढंच सांगनारं मीटर न्हाई मिळत?"

सुदाम रजा संपवून गेला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नानांनी बोट काठापासून दहा हातांवर थांबवली. चेहरा पडलेला.

"बाई, तुमी गनिताच्या. बघा बरं. हे चालताना उणे अडतीस दावत हुतं! म्हंजे समदी संपून वर अडतीस आनखी गेली?"

मी बघितलं. स्क्रीन अ‍ॅम्पिअरवर होता. मी समजावलं, "नाना, उणे म्हणजे संपली असं नाही. बॅटरीतून बाहेर चाललंय, म्हणून उणे. उन्हाने आत यायला लागलं की अधिक दिसेल. किती शिल्लक आहे ते टक्क्यांत बघायचं."

सिस्टर समोरच्या फळीवर बसल्या होत्या. त्यांचं गाव लांब कोकणात, राजापूरकडे. सासर, मुलगी, सगळं तिकडे. त्या म्हणाल्या, "म्हणजे बाई, गावाला जाते तेव्हा मी अधिक, आणि इकडे परत येते तेव्हा उणे!"

आम्ही सगळे हसलो. हसणं थांबल्यावर चाचांनी विचारलं, "सिस्टर, पिछली बार अधिक कधी होता तुमी?"

सिस्टरनी बोटांवर महिने मोजायला सुरुवात केली. एक हात संपला, तेव्हा नानांनी गुपचूप मोटर चालू केली.

* * *

व्होल्टेजचा घोळ चाचांनी घातला. त्यांना तो आकडा आवडायचा, कारण त्यात दशांश चिन्ह होतं. "ये असली डाक्टरी आकडा हाय," म्हणायचे.

एक दिवस समोरून वारा. नानांनी मोटर जोरात सोडली. काठावर पंचवीस पॉइंट चार असलेला आकडा घसरत घसरत चोवीसच्या खाली गेला आणि चाचा उभे राहिले. "बंद करो! बॅटरी मर रही हाय!"

नानांनी घाबरून मोटर बंद केली. आता मधोमध पाण्यात आम्ही, आणि सगळ्यांच्या माना मीटरवर. आकडा हळूहळू वर चढायला लागला. चोवीस पॉइंट सहा, आठ, पंचवीस!

"अरे, भरली!" चाचा ओरडले. "कायबी न घालता!"

मी हसत सांगितलं, "भरली नाही चाचा. ओझं ओढताना व्होल्टेज खाली दबतं, ओझं काढलं की वर येतं. खरा आकडा बघायचा तर बॅटरीला जरा वेळ बसू द्यायचं आणि मग बघायचं. चालताना बघून उपयोग नाही."

नानांनी मान डोलावली. ते फार बोलायचे नाहीत, पण ऐकलेलं विसरायचे नाहीत. त्या दिवसापर्यंत ते प्रत्येकाला बोटीत पाय टाकतानाच विचारायचे, "बरं हाय ना?" आणि आपण धापा टाकत "हो, हो" म्हणायचो. नंतर त्यांनी चढताना विचारायचं सोडूनच दिलं. बोट मधोमध आली, सगळे निवांत झाले, की विचारायचे.

एकदा असंच त्यांनी सिस्टरना मधोमध विचारलं, "सिस्टर, बरं हाय ना?" काठावर मी विचारलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "एकदम मजेत!" आता त्या "हो" म्हणायला गेल्या आणि त्यांना रडूच फुटलं. त्या दिवशी त्यांच्या मुलीचा पहिलीतला पहिला दिवस होता.

नाना मला हळूच म्हणाले, "बाई, काठावर मानूस चुकीचा आकडा दावतो."

* * *

आता चहाचा किस्सा. मीटर दाखवतंय ऐंशी टक्के, आणि बोट मधोमध बंद! नानांनी बटणं दाबली, मोटर थोपटली. काही नाही. शेवटी नाना आणि चाचांनी बांबू घेतले, आणि अर्ध्या तासाच्या वाटेला दोन तास लागले. पोरांनी त्या दिवशी शाळेत माझ्याशिवाय मस्त धुडगूस घातला.

काठाला लागल्यावर नानांनी सुदामला फोन लावला. कामाच्या वेळी सहसा लावायचे नाहीत, पण हा प्रसंगच तसा. स्पीकर चालू केला.

"नाना, मीटर खोटं बोलत न्हाई," सुदाम तिकडून म्हणाला. "बॅटरीशेजारी पितळी पट्टीची एक डबी हाय बघा. त्या डबीतनं जेवढं जातं, तेवढंच मीटर मोजतं. कुनी डबीच्या अलीकडनं, थेट बॅटरीला वायर जोडलीय का?"

आम्ही सगळ्यांनी चाचांकडे बघितलं. चाचांनी बोटीच्या बाहेर, पाण्याकडे बघितलं.

झालं असं होतं की महिन्यापूर्वी चाचांनी बाजारातून एक छोटा इन्व्हर्टर आणि विजेची किटली आणली होती. वायर थेट बॅटरीला. रोज सकाळी बोट सुटली की चहा! किटली मोटरच्या तोडीस तोड करंट खात होती, आणि मीटरला त्याचा पत्ताच नव्हता.

"किटली?" सुदाम ओरडला. "कुनाकुनाला मिळत हुता चहा?"

शेवटी मीच म्हटलं, "सगळ्यांना."

लाईन तुटली की काय, म्हणून नानांनी फोन कानाला लावला, तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला.

"चाचा... आलं घालता का अजून?"

"घालतो ना बेटा," चाचा म्हणाले. "कुटून घालतो."

"बरं," सुदाम म्हणाला. "वायर डबीच्या पलीकडनं जोडून घ्या. किटली राहू द्या."

* * *

एक छोटासा. भर उन्हात बोट काठाला उभी असली की पॅनेलांतून बॅटरीत येणारं जास्त आणि जाणारं काहीच नाही. तेव्हा "किती वेळ पुरेल" या रकान्यात आकडा न दिसता नुसत्या तीन रेघा यायच्या.

"बाई, ये क्या?" चाचांनी विचारलं.

"म्हणजे किती वेळ ते सांगता येत नाही. संपायचं नावच नाही, असं समजा."

चाचांनी लगेच मोबाईल काढून त्या तीन रेघांचा फोटो घेतला आणि घरी पाठवला. मी विचारलं, "हे काय?"

"बीवी रोज पूछती हाय, धंदा झाला तरी उस पानी पे और कितनी देर बैठोगे!"

* * *

दहावीची परीक्षा. सेंटर आमच्या काठावरच्या गावात, आणि पलीकडच्या वस्तीवरच्या नऊ मुली पेपरला बोटीने यायच्या. त्या आठवड्यात तीन दिवस सलग आभाळ. पॅनेलांना ऊन नाही. विज्ञानाच्या पेपराच्या सकाळी पलीकडून निघताना मीटरवर चोवीस टक्के.

मुलींना आणायला मी आणि सिस्टर गेलो होतो. पेपर अकराला. बोट सुटायलाच उशीर झाला, कारण एकीचं हॉल तिकीट घरी राहिलं होतं आणि ती धावत जाऊन घेऊन आली. नानांनी मोटर पूर्ण सोडली. पाणी दोन्ही बाजूंनी उडायला लागलं. मुली खूश!

मी मीटरचं बटण दाबलं आणि हिशोब केला. ह्या चालीने बॅटरी पुरणार अठरा मिनिटं. आणि काठ निदान पंचवीस मिनिटांवर!

मी नानांना आकडा दाखवला. त्यांनी एकदा मीटरकडे पाहिलं, एकदा काठाकडे, आणि मोटर कमी केली. बोट एकदम सुस्तावली.

"नाना!" मुली किंचाळल्या. "नाना, जोरात! पेपर हाय आमचा!"

"नाना, पाया पडते, जोरात!" हॉल तिकीटवाली रडायलाच लागली.

नानांनी आणखी कमी केली. बोट आता बदकासारखी चालली होती. मी मीटरवर बोट ठेवून बसले. अठराची पंचवीस मिनिटं झाली. मग चाळीस. मग पंचावन्न! चाल निम्म्याच्या थोडी वर असेल, पण बॅटरी तिप्पट वेळ पुरणार होती. ह्या चालीने काठ चाळीस मिनिटांवर. घड्याळात दहा वाजून दोन मिनिटं.

चाळीस मिनिटं कुणी गप्प बसेल तर शपथ. सिस्टरनी मुलींना प्रश्न विचारायला सुरुवात केली, मी उत्तरं तपासायला. रडणारीने रडत रडत विद्युतधारेची व्याख्या अचूक सांगितली! नाना एकदाही मागे वळले नाहीत. पाठीवरचा शर्ट मात्र घामाने ओला झाला होता, आभाळ असूनही.

काठाला लागलो तेव्हा मीटरवर सात टक्के. मुली चपला हातात घेऊन पळत सुटल्या. नऊच्या नऊ पोचल्या.

सिस्टर म्हणाल्या, "नाना, कमाल आहे तुमची! एवढा आरडाओरडा चाललेला, तरी घाबरला नाहीत."

"लई घाबरलो," नाना म्हणाले. "म्हनून तर हळू घेतली."

* * *

त्याच वर्षी सिस्टरची बदली झाली. कोकणात, अगदी त्यांच्या गावाशेजारी! ऑर्डर आली त्या दिवशी त्यांनी बोटीत पेढे वाटले. आम्हीही खूप आनंद दाखवला. खरंच झाला होता.

शेवटच्या दिवशी दुपारी त्या उपकेंद्रातलं आपलं सामान घेऊन पलीकडून निघाल्या. वस्तीवरच्या बायका काठापर्यंत आल्या होत्या. कुणी भुईमुगाच्या शेंगा दिल्या, कुणी बाजरीचं पीठ. चाचांनी त्यांच्या मुलीसाठी हिरव्या बांगड्यांचा छोटा जोड दिला, अंदाजाने. बोट सुटली.

जरा वेळाने माझ्या लक्षात आलं की बोट फारच हळू चाललीय.

"नाना, काय झालं?" सिस्टरनी विचारलं.

"बॅटरी कमी हाय," नाना पुढे बघत म्हणाले. "हळू घ्यावी लागंल."

ऊन तर रणरणत होतं. मी सवयीने वाकून मीटर बघितलं. अठ्ठ्याण्णव टक्के! मी चाचांकडे पाहिलं. चाचांनीही बघितलं होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, गार वारा घेतल्यासारखं केलं, आणि ती अलगद मीटरवर ठेवली.

सिस्टरना मीटर वाचता येत नव्हतं असं थोडंच? आम्हा सगळ्यांनाच तोंडपाठ झालं होतं. त्या टोपीकडे बघत राहिल्या.

"असू दे नाना," म्हणाल्या. "हळूच घ्या. माझी एसटी चारची आहे."

त्या दिवशी अर्ध्या तासाची वाट सव्वा तास पुरली.

* * *

आणि हा शेवटचा. हा मी स्टाफरूममध्ये फारसा सांगत नाही.

सिस्टर गेल्या त्यानंतरची गोष्ट. एका संध्याकाळी मी बोटीतून उतरून एसटीच्या थांब्यापर्यंत गेले आणि लक्षात आलं, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बोटीतच राहिला. परत फिरले. ऊन उतरत होतं. काठावर दुसरं कुणी नाही. बघते तर बोट बाभळीला दोराने बांधलेली, आणि मागे पाणी नुसतं घुसळतंय! मोटर चालू. बोट दोराला हिसके देतेय, पण जागची हलत नाही. नाना फळीवर शांत बसलेले.

मी ओरडले, "नाना! दोर सोडायचा राहिला!"

नाना दचकले. मग ओशाळं हसले. "न्हाई बाई. सोडायचा न्हाई."

मी जवळ गेले. एका हातात मोबाईल होता, आणि नजर मीटरवर. बेचाळीस टक्के.

"अहो, मग मोटर कशाला चालू? बॅटरी उतरेल ना!"

"तेच," नाना म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. मीटरला सिमकार्ड घातलेली एक डबी जोडलेली होती. सगळे आकडे तिकडे मस्कतला सुदामच्या मोबाईलवर दिसायचे. त्याने अलार्म लावून ठेवला होता. इकडे बॅटरी चाळीसवर आली की तिकडे वाजायचा, आणि तो लगेच फोन करायचा.

"मग तुम्हीच का करत नाही फोन?" मी विचारलं.

"मी काय बोलू? तो कामात असतो. आयतवारी करतो की तो. जेवला का, जेवलो, संपलं." त्यांनी मीटरकडे बघितलं. "बॅटरीचं इचारायला लागला की लई येळ बोलतो, बाई. समदं इचारतो. पानी किती हाय, वारं कुठलं हाय, कोन कोन आलं हुतं बोटीत."

एक्केचाळीस झाले. मी त्यांच्याशेजारी फळीवर बसले. चाळीस. नानांनी मोटर बंद केली. पाणी निवलं. मिनिटभराने फोन वाजला.

"नाना, बॅटरी का उतरली आज?"

"आज फेऱ्या लई झाल्या रं," नाना म्हणाले, आणि आरामात पाय पसरून बसले.

मी गठ्ठा उचलला आणि निघाले.

पुढच्या एप्रिल महिन्यात सुदाम रजेवर आला. परत जायच्या दिवशी तो एकटाच बोटीत बसून मीटरच्या सेटिंगमध्ये काहीतरी करत होता. नाना त्याची बॅग आणायला घरी गेलेले. मला राहवेना. बॅटरी सारखी खाली नेली की खराब होते, हे मलाही एव्हाना माहीत होतं. नानांचं गुपित फोडायचं नव्हतं, पण सांगायला तर हवं. मी आडून आडून सुरुवात केली, "सुदाम, संध्याकाळी कधी कधी बॅटरी..."

"बाई," तो मान वर न करता म्हणाला, "मला तिकडं बोटीची जागाबी दिसती. मोटर चालू, आन् बोट तासभर बाभळीपाशीच."

तो बटण दाबत राहिला.

"मग आता काय करतोयस?"

"अलार्म बदलतोय."

मला वाटलं, झालं! बंद करणार हा, नाहीतर पार खाली वीस-पंचवीसवर नेऊन ठेवणार. मी वाकून बघितलं. स्क्रीनवर आकडा होता पंचाण्णव.

"अरे, पंचाण्णव?" मी म्हटलं. "पंचाण्णवला तर बोट सकाळी नुसती पलीकडे गेली तरी वाजेल!"

"व्हय बाई," सुदाम म्हणाला, आणि सेव्हचं बटण दाबलं.